वेस उघडणारा

"मग काय करायला हवं होतं मी? सांगा ना! लढायला हवं होतं?"

सर्गिस उभ्यानेच विचारत होता. बर्सोमाने दोनदा बस म्हटलं, तरी बसला नाही.

बसेल कसा? शाम, म्हणजे सीरिया देशातल्या त्या शहराचा तो प्रमुख. आयुष्यभर लोक त्याच्यापुढे उभे राहिलेले. डोंगरावरच्या गुहेत एकट्याने राहणाऱ्या बर्सोमासारख्या म्हाताऱ्या ख्रिस्ती जोग्यापुढे मांडी घालायची सवय त्याला कुठून असणार!

अरबांच्या फौजेने शहराला वेढा घातला, तेव्हा रोमच्या बादशहाची कुमक आज येईल, उद्या येईल म्हणत सगळे तटावर बसून होते. कुमक काही आली नाही. घरातलं धान्य संपत आलं. शेवटी एका सकाळी सर्गिस वेस उघडून एकटाच बाहेर गेला आणि तह करून परत आला. जीव सुरक्षित, घरं सुरक्षित, चर्चही सुरक्षित. वर्षाला कर द्यायचा. ज्याला शहर सोडायचं असेल, त्याने खुशाल सोडावं.

अरबांनी शब्द पाळला. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

आणि त्या दिवसापासून शहराने सर्गिसला वाळीत टाकलं.

"मी बाजारात शिरलो की बोलती माणसं गप्प होतात," सर्गिस म्हणाला. "मला सलाम करतो तो एकटा अरबांचा अंमलदार. तो सलाम करतो म्हणून आपली माणसं आणखी लांब सरकतात. घरी यावं, तर घर खायला उठतं. बायको आधीच गेली. आता भांडं पडलं तरी ते ऐकायला मी एकटाच."

"हं."

"नुसतं हं काय करता बाबा! आणि तो लिओन, नदीपलीकडच्या शहराचा प्रमुख. तो शेवटपर्यंत लढला. त्याची गाणी म्हणतात आता. जात्यावर म्हणतात, लग्नात म्हणतात!"

"कोण म्हणतं?"

"आपल्या शहरातल्या बायका."

"आणि त्याच्या शहरातल्या?"

नदीपलीकडे तट पडला होता, शहर जळालं होतं. तिथे गाणं म्हणायला कोणी उरलं नव्हतं.

"...ते मला कळतं, बाबा. पण कळून काय करू? कळण्याने घरात माणूस येत नाही."

हे उत्तर बर्सोमाला आवडलं असावं. त्याने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"तुझं मागणं काय?"

"रविवारी खाली या. चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगा, सर्गिसने केलं ते बरोबर केलं. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही. तुम्ही येणार नसाल, तर मी चाललो. उंट ठरवून ठेवलाय. कुठे जायचं ते ठरलं नाही, पण जायचं हे नक्की."

"माझ्या सांगण्यावरून बोलतील ते तुझ्याशी?"

"बोलू देत की! सांगण्यावरून तर सांगण्यावरून. मला आता तेही चालेल..."

एवढं म्हणून तो खाली बसला.

बर्सोमाने त्याला पाणी पिऊ दिलं.

"रविवारी काय होतं तिथे?"

"तुम्हाला माहीत नाही? शांती देतात."

त्या लोकांची ती रीत होती. प्रार्थनेच्या मध्यावर पाद्री वेदीजवळून हात धरून देवाची शांती द्यायचा. पहिल्याने ती दोन्ही हातांत घ्यायची, मागे वळायचं, मागच्याचे हात धरायचे. त्याने त्याच्या मागच्याचे. अशी हातोहात ती दारापर्यंत जायची. भांडण असलं तरी हात नाकारायचे नाहीत, असा दंडक होता.

"मला मात्र नाकारतात," सर्गिस म्हणाला. "माझ्या पुढचा वळतो. माझ्या बाजूने हात मागे घालतो आणि मागच्या कुंभाराचे हात धरतो. शांती मला वळसा घालून जाते. मी आपला हात पुढे करून उभा. मग हळूच खाली घेतो. सगळे बघत असतात हो..."

"ऊठ. दाखव."

"काय दाखव?"

"मी तुझ्या पुढचा. तू तू. आणि हा रांजण, हा तुझा कुंभार."

सर्गिस चिडला. थट्टा करता काय, म्हणाला. पण उठला. रांजणाला पाठ करून उभा राहिला आणि त्याने हात पुढे केले.

बर्सोमा वळला. सर्गिसला टाळून त्याने रांजणाकडे हात लांबवला. हात पुरेना. तो एक पाऊल पुढे आला. तरी पुरेना. आणखी सरकला. त्याची छाती सर्गिसच्या खांद्याला जवळजवळ टेकली, तेव्हा कुठे बोटं रांजणाला लागली.

"इतकं जवळ यावं लागतं त्याला?"

"...हो."

"अंगाला अंग लागत असेल."

"बाही लागते. कधी कधी... श्वास लागतो."

"कोण आहे तो?"

सर्गिसने पुढे केलेले हात खाली घेतले. गुहेबाहेर वारा सुटला होता.

"तोमा."

"तुझा तोमा?"

"माझा मुलगा." सर्गिसने डोळे पुसले. "वेशीवरच्या बुरुजावर होता तो. सगळ्यांत आधी मी मरेन, अशी शपथ घेतली होती त्याने. मी त्याच्याच पायाखालची वेस उघडली. मित्रांनी त्याला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. त्याच दिवशी घर सोडलं त्याने. तेव्हापासून एक शब्द नाही. लोकांचं जाऊ द्या हो, बाबा! लोक गेले खड्ड्यात. मी शहर वाचवायला गेलोच नव्हतो. मला फक्त तो जिवंत हवा होता..."

बर्सोमाचा हात अजून रांजणावरच होता.

"चर्चमध्ये जागा ठरलेल्या असतात का रे?"

"छे. ज्याला जिथे वाटेल, तिथे तो उभा राहतो."

"आधी कोण येतं? तू की तो?"

"मीच येतो. रिकाम्या चर्चमध्ये जाऊन उभा राहतो. तो मागाहून येतो, आणि माझ्याच पुढे..."

बर्सोमाने रांजणावरचा हात काढून घेतला.

"मग तू गेल्यावर, सर्गिस, त्याने उभं राहायचं कुठे?"