शिळेवरचा तिसरा हुकूम

"तापाच्या साथीत काढलेले आमचे तीन हुकूम दगडात कोरा! आजपासून कायम हेच लागू. एकदा कोरले की अक्षर बदलायचं नाही. आम्हीसुद्धा नाही!"

सोनकड्याच्या रायाजीराजांनी फर्मावलं आणि दालनात शिळेपुढे बसलेल्या येसूने छिन्नी उचलली.

येसू पाथरवटाची लेक. साथीत बापाला ताप आला, त्याचे हात अजून थरथरत होते, म्हणून कामाला ती आली होती. दोन हुकूम तिने भराभर कोरले. 'ज्याला ताप किंवा शिंक, त्याचं दार बाहेरून बंद.' 'वैद्यांच्या परवानगीशिवाय दार उघडू नये.' मग तिने कागदावरचा तिसरा वाचला आणि तिचा हात अडला. 'वैद्य हवे असल्यास रोग्याने स्वतः चावडीवर येऊन अर्ज करावा.'

"यात चूक आहे, महाराज."

"चूक?" दिवाण त्र्यंबकपंत उसळले. "अख्ख्या साथीत चावडीवर एक तक्रार आली नाही!"

"कशी येईल?" येसू पुटपुटली. साथ ओसरेपर्यंत अकरा दिवस बाप आत कोंडलेला होता. कौलं सरकवून तिने त्याला पेज पोचवली होती.

राजांच्या कपाळाला आठी पडली. "सूर्य मावळायच्या आत चूक दाखव! पण आमच्या हुकुमाविरुद्ध एक शब्द काढायचा नाही. काढलास तर तू आणि तुझा बाप राज्याबाहेर!"

येसूच्या बापाला अंगण ओलांडवत नव्हतं, तो राज्य कसं ओलांडणार? बोलायचं नाही आणि दाखवायचं! तिने शिळेकडे पाहिलं, मग राजांच्या भरघोस मिशीकडे, आणि तिचे डोळे चमकले.

"महाराज, पहिली ओळ नीट उमटलीय का, जरा वाकून बघता?"

राजे वाकले. येसूने अक्षरांतली धूळ जोरात फुंकली.

"आँऽऽक्छी!"

"ज्याला ताप किंवा शिंक," येसूने खणखणीत आवाजात वाचलं, "त्याचं दार बाहेरून बंद!"

दरबारी एकमेकांना ढकलत बाहेर पळाले. येसूही निघाली. पहारेकरी हैबती हुकुमाचा पक्का. त्याने धाडकन कडी घातली.

"अरे, उघड!" आतून राजे गरजले.

"वैद्यांची परवानगी, महाराज?"

"मग बोलाव वैद्यांना!"

"चावडीवर अर्ज लागतो."

"दिवाण देतील!"

"रोग्याने स्वतः द्यायचा, महाराज."

"मग मला बाहेर तर येऊ दे!"

"वैद्यांची परवानगी?"

जेवणवेळ टळली. मुदपाकखान्यातून पुरणाचा वास दाराखालून आत गेला. राजांनी दारावर लाथ मारली. "कोणत्या गाढवाने काढला हा हुकूम!"

"आपणच, महाराज," हैबती अदबीने म्हणाला.

येसू खिडकीपाशी गेली. "महाराज, तिसरा हुकूम कोरायचा राहिलाय. मला आत घ्या, लगेच कोरते."

"खबरदार! कागदावरच आहे ना तो? फाडा! वैद्यांना बोलवा!"

वैद्य धावत आले, दार उघडलं. दिवाणजी तडतडले, "महाराज, हिने अट मोडली! हुकुमाविरुद्ध..."

"मी तर हुकूम वाचला, दिवाणजी," येसू म्हणाली. "विरुद्ध जे काही बोललं गेलं, ते आतून आलं. मी बाहेर होते!"

राजांची मिशी थरथरली. आधी खुदकन, मग खो खो करत ते इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं. "बरं, मग तिसऱ्या जागी काय कोरशील?"

"हुकूम काढणाऱ्याने आधी एक दिवस त्यात स्वतःला कोंडून घ्यावं!"

"कोर!" राजांनी हातातलं सोन्याचं कडं तिच्या ओंजळीत टाकलं. "आणि वैद्य रोज तुझ्या घरी येतील, बाप बरा होईपर्यंत. काय दिवाणजी, तुमचे नवे हुकूम तयार आहेत ना?"

त्र्यंबकपंतांनी हातातली कागदांची गुंडाळी घाईघाईने पाठीमागे लपवली. राजे पुन्हा हसत सुटले.