पत्र्याखालची पिल्लं

वऱ्हाडातल्या एका गावाला लागून पूर्वी एक पानमळा होता, आणि त्या मळ्यात एक तांबडा कुत्रा राहत असे. मुलांनो, पानमळा म्हणजे विड्याच्या पानांची बाग. शेवरीच्या उंच झाडांवर नागवेली चढलेल्या, खाली पाटाचं पाणी वाहतंय आणि भर वैशाखातही अंगाला ओली झुळूक लागतेय, असा तो मळा. मळ्याचा मालक नत्थूजी. कुत्रा अगदी पिल्लू होता, तेव्हा एकदा भर दुपारी बैलगाडीमागे धावत सुटला आणि वाटेतच जीभ बाहेर टाकून आडवा झाला. नत्थूजीनं त्याला उचलून वेलींच्या सावलीत निजवलं, पाटाच्या पाण्यानं त्याचे तळपाय आणि पोट भिजवलं, आणि पानाचा द्रोण करून थेंब थेंब पाणी त्याच्या जिभेवर सोडलं. "घाई नको रे बापा, हळूहळू पे," असं तो म्हणत होता. तो आवाज कुत्र्याच्या कानात अजून होता.

पुढे नत्थूजी वारला. मळा विकला गेला, शेवरी तुटल्या, आणि तिथून काळाभोर डांबरी रस्ता गेला. रस्त्यापलीकडच्या घरात नत्थूजीची बायको गिरजाबाई एकटी राहत होती. पण नत्थूजीशिवायचं ते अंगण कुत्र्याला बघवेना. तो रस्त्याखालच्या सिमेंटच्या नळ्यात जाऊन राहिला. दुपारभर तिथं पडून तो जुने दिवस आठवत असे. वेलींचा वास, बैलांच्या घुंगरांचा आवाज, पाटात बुडवलेले पाय. डोळे मिटले की सगळं तिथल्या तिथं असायचं.

एका दुपारी त्याला बारीक, घोगरं म्यांव ऐकू आलं. जवळच रस्त्याच्या ठेकेदारानं सिमेंट ठेवायला पत्र्याची खोली उभारली होती. तीत एका करड्या मांजरीनं दोन पिल्लं घातली होती. तेव्हा हवा बरी होती. आता पत्रा तव्यासारखा तापला होता. कुत्र्यानं दाराच्या फटीतून डोकं आत घातलं. मांजर तोंड उघडून धापा टाकत होती. एक पिल्लू कसंबसं हलत होतं. दुसरं लाळ गाळत निपचित पडलं होतं.

"मागं हो!" मांजर फिस्कारली. "गेल्या थंडीत तू मला झाडावर चढवलं होतंस. विसरले नाही मी."

"मीही विसरलो नाही," कुत्रा म्हणाला. "पण इथं राहिलात तर संध्याकाळ दिसायची नाही. या पिल्लासारखाच मीही एकदा पडलो होतो. याला सावली हवी आणि पाणी हवं, आत्ताच."

"पाणी आहे कुठं?"

कुत्र्यानं रस्त्यापलीकडे पाहिलं. नळ्यात सावली होती, पण पाण्याचा थेंब नव्हता. ओलावा उरला होता तो एकाच ठिकाणी, गिरजाबाईच्या पडवीत, रांजणाखाली. आणि तिथं तर त्यानं दोन वर्षं पाऊल टाकलं नव्हतं.

"चल," तो शेवटी म्हणाला. "तू एकाला उचल, मी याला उचलतो."

मांजरीनं त्याच्या दातांकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं, आणि ती बाजूला झाली. कुत्र्यानं पिल्लू मानेशी अलगद धरलं. डांबरावरून गेली असती तर पाय भाजले असते; म्हणून दोघं नळ्यातून वाकून पलीकडे गेली आणि कुंपणाच्या सावलीसावलीनं पडवीशी पोचली.

गिरजाबाईनं पाहिलं, कुत्र्याच्या तोंडात पिल्लू! तिनं काठी उगारली. "हाड! सोड त्याले, सोड!"

काठी पाठीवर बसली. कुत्रा कळवळला, पण पिल्लू त्यानं पडू दिलं नाही. रांजणाखालच्या ओल्या मातीवर ते हळूच ठेवून तो त्याचे पाय चाटू लागला. मागून मांजर दुसरं पिल्लू घेऊन आली आणि त्याच्या शेजारी बसली.

गिरजाबाईच्या हातातली काठी गळाली. "अवो माय! हे तं जित्तं हाय!" ती खाली बसली. पदराचं टोक भिजवून तिनं पिल्लाचे कान, पोट, तळपाय पुसले. बोट बुडवून त्याच्या ओठांना ओल लावली. मातीच्या परळात पाणी भरून मांजरीपुढे आणि कुत्र्यापुढे सरकवलं. मग तिनं कुत्र्याकडे नीट निरखून पाहिलं आणि तिला ओळख पटली.

"तू होय रे? बुढा गेला तं तू बी गेला! काहून आला नाही एवढे दिवस?"

कुत्र्यानं मान खाली घातली. काठी बसली होती तिथं गिरजाबाई बराच वेळ हात फिरवत राहिली.

ऊन उतरलं तेव्हा पिल्लानं डोळे उघडले आणि आईच्या कुशीत तोंड खुपसलं. तोवर गिरजाबाईनं पडवीच्या पश्चिमेला गोणपाट बांधून त्यावर पाणी शिंपडलं होतं. कुत्रा उठला आणि नळ्याकडे निघाला.

"जातं कुठी आता?" गिरजाबाई म्हणाली. "मिरगाचा पाऊस लागेपर्यंत इथून हलायचं नाही कोणी."

मांजर पिल्लांना घेऊन थोडी सरकली आणि तिनं त्याला ओल्या मातीवर जागा करून दिली.

तात्पर्य : कडक उन्हात मुक्या जिवाला वेळेवर सावली आणि पाणी द्यावं; आणि ज्या मायेनं आपण वाचलो, ती नुसती आठवत न बसता दुसऱ्याच्या कामी आणावी.