आडवं येणारं फाटक

टेकडीखाली बंगल्यांची पहिली रांग उभी राहिली, त्या काळी यंत्रांनाही तोंड होतं. गवत कापायचं कंत्राट घेणाऱ्या हौसाताईंकडे दोन यंत्रं होती. एक बसून चालवायचं, रुबाबदार. दुसरं लहान, ढकलायचं.

"एका फेरीत अख्खी हिरवळ साफ! मलाच न्या," मोठं यंत्र म्हणालं. पण शिरोडकरांच्या फाटकातून ते जाईना.

"मग फाटक काढा की!" ते गुरगुरलं.

हौसाताईंनी फाटक काढून भिंतीला टेकवलं. यंत्र ऐटीत आत गेलं आणि बघता बघता हिरवळीचा गालिचा झाला. तेवढ्यात रस्त्यावरच्या शेळ्या आत घुसल्या आणि त्यांनी फुललेली शेवंती फस्त केली.

"हिरवळ छान झाली हो," शिरोडकर आजी रडवेल्या झाल्या, "पण माझी शेवंती?"

"मी इथे शोभेला नाही," फाटक ताठ आवाजात म्हणालं. "आधी मला जागेवर बसवा. आणि माझ्यातून जाईल तेच यंत्र आणत जा."

पुढच्या बंगल्यात हौसाताईंनी लहान यंत्र नेलं आणि आतून कडी लावली. त्याला फेऱ्या जास्त लागल्या, पण प्रत्येक फेरी त्यानं मिरवत मारली.

मोठं यंत्र बाहेर उन्हात उभं होतं. एक शेळी जवळ आली आणि आपुलकीनं म्हणाली, "काय हो, तुम्हालाही आत घेत नाहीत का?"