शेंदूर लागलेला चिरा

घाटातून नुकत्याच मोटारी धावू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका अवघड वळणावर कठड्याचा एक चिरा निखळून रस्त्याकडेला पडला. आठवडाभरात त्या खिंडारातून दोन ट्रक दरीत गेले.

ड्रायव्हर मंडळी हादरली. त्यांनी त्या चिऱ्याला शेंदूर फासला, नारळ फोडला आणि हात जोडले, "देवा, आम्हाला सांभाळ!"

"अरे, मी कसला देव? मी कठड्याचा दगड!" चिरा कळवळून म्हणाला. "मला उचला आणि आधी ते खिंडार बुजवा. पुढची गाडी येतच असेल!"

"देव बोलला!" रामलिंग ड्रायव्हरच्या अंगावर काटा आला. "उघड्यावर बसवलाय म्हणून रागावलाय. आपण चौथरा बांधू."

चौथऱ्याला दगड कमी पडले, तेव्हा त्यांनी कठड्याचेच आणखी चार चिरे काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. रामलिंगचा भरलेला ट्रक उतारावरून सुसाट आला. समोर कठडाच उरला नव्हता.

"वळव! अरे, गाडी वळव!" चिरा जिवाच्या आकांताने ओरडला.

देवाचा आवाज कानी पडताच रामलिंगने स्टिअरिंग सोडलं आणि भक्तिभावाने दोन्ही हात जोडले.