चार बोटं रुंद पट्टी

फार पूर्वी वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या गोमाजी ढिवराकडे बांबूची चार बोटं रुंद पट्टी होती. तिच्याभोवती सूत घेऊन तो जाळं विणायचा, त्यामुळे पट्टी जेवढी रुंद, तेवढंच जाळ्याचं भोक व्हायचं.

एका वर्षी मोठे मासे कमी लागले. लहान तरी सुटू नयेत म्हणून त्याने पट्टी थोडी तासली आणि बारीक भोकांचं जाळं विणलं. पुढच्या वर्षी मासे आणखी लहान निघाले, तेव्हा पट्टी आणखी तासली. असं करता करता ती करंगळीएवढी उरली.

कोयता पुन्हा हातात घेत गोमाजी पट्टीकडे बघून कुरकुरला, "काय करू बाई, मासेच लहान झाले."

"मासे लहान झाले म्हणून तू मला तासतोस," पट्टी शांतपणे म्हणाली, "आणि मला तासलंस म्हणून मासे लहान झाले. वाढायला एक तरी सोडलास का? तास अजून. पुढच्या साली दात कोरायला कामी येईन."

गोमाजी उठला. त्याच कोयत्याने त्याने नवा बांबू तोडून आणला आणि पुन्हा चार बोटं रुंद पट्टी काढली.

त्या वर्षी नव्या जाळ्यातून कितीतरी पिल्लं निसटून गेली, आणि गोमाजी काठावर बसून, जुन्या पट्टीच्या काडीने खुशाल दात कोरत, त्यांना जाताना बघत राहिला.