सटवाचा दम

किती वर्षं झाली ते कुणी मोजलेलं नाही. सोनवळ आणि कुरुंदी या दोन गावांच्या मधून नदी वाहायची, आणि चैत्र लागला की ती आटायची. मागं उरायचा एक डोह, काळाशार आणि खोल. पाऊस पडेपर्यंत त्या डोहात एकाच गावाची घागर बुडायची, आणि ते गाव कोणतं हे हुतूतूवर ठरायचं.

चैत्राच्या जत्रेत डोहावरच्या माळावर खेळ मांडायचे. मधोमध एक रेघ. गड्यानं 'हुतूतू हुतूतू' म्हणत एका दमात पलीकडं जायचं, जमतील तेवढ्यांना शिवायचं आणि दम सुटायच्या आत परत यायचं. पलीकडच्यांनी त्याला धरून ठेवलं, तर त्याचं गाव हरलं. दोन नियम देवीचे म्हणून पाळले जात. निकाल लागेपर्यंत डोहाच्या पाण्याला कुणी शिवायचं नाही. आणि चढाईवरच्या गड्याला नुसत्या हातांनी धरायचं. काठी-दगड उचलला तर डोह कायमचा आटेल.

सोनवळ ओळीनं सात वर्षं हरलं होतं.

सोनवळच्या गावकुसाबाहेर मांगवाडा होता. गाव जिंको की हरो, मांगवाड्याला डोह नव्हताच. वाळूत खणलेला एक झिरा होता. तिथल्या सटवाची बायको ठकी करवंटीनं त्यातलं गढूळ पाणी उपसायची आणि अर्धी घागर भरायला तिची सकाळ जायची. त्या पाण्यानं हगवण लागून त्यांची चार वर्षांची पोर दोन दिवसांत गेली. तेव्हापासून सटवा झिऱ्याकडं बघायचा नाही.

सटवा गावाचं शिंग फुंकायचा. पाहुणा आला, लग्न निघालं, देवी हलली की शिंग. त्याची छाती मडक्यासारखी गोल होती. तो वेशीत शिंग तोंडाला लावायचा आणि वरात देवळापर्यंत पोचली तरी पहिलाच सूर चालू असायचा, असं म्हणतात.

आठव्या वर्षी सोनवळच्या रंगराव पाटलांनी त्याला बोलावलं.

"सटवा, शिंगाला आहे तेवढा दम हुतूतूला आहे का रं?"

"दम हाय, पाटील. पन मला खेळात कोन घेनार?"

"मी घेतो."

सटवानं जरा विचार केला. "जिंकून दिलं तर डोहावर मांगवाड्याला एक घाट द्या. कडेला का असंना."

"आधी जिंकून तर दे," पाटील हसून म्हणाले.

त्या चैत्रात सटवा पहिल्यांदा रेघ ओलांडून गेला. त्याच्या अंगात वारं भरलं होतं. माणसांमधून असं मोकळं पळायला त्याला जन्मात कधी मिळालं नव्हतं. त्यानं एकाला शिवलं, दुसऱ्याला शिवलं, कुरुंदीचे पाचही गडी बाद केले आणि परत आला. सोनवळ जिंकलं.

परत येताना मात्र त्याला एक गोष्ट दिसली होती. कुरुंदीचे गडी त्याला धरायला पुढं झालेच नव्हते. त्यांचे हात उठायचे आणि अंगापासून वीतभर लांब थांबायचे. केरबा नावाचा त्यांचा पकडीचा गडी होता. त्यानं धरलेला बैलसुद्धा सुटत नाही, असं म्हणायचे. तो केरबाही दात खाऊन मागं सरकला होता. तेव्हा सटवाला कळलं, पाटलांना त्याचा दम नको होता. त्यांना त्याचा विटाळ हवा होता.

सोनवळनं बाकीच्या गड्यांना खांद्यावर घेतलं. सटवाला एका शहाण्यानं लांबूनच नारळ फेकला.

"झेल रं, सटवा. झेलण्यात तर तू पटाईत."

सगळे हसले. सटवानं नारळ झेलला.

घाटाचं विचारल्यावर पाटील म्हणाले, "देवीचा कौल घ्यावा लागंल." दुसऱ्या वर्षी सटवा पुन्हा खेळला आणि पुन्हा त्याला कुणी धरलं नाही. यावेळी पाटील म्हणाले, "गाव तयार न्हाई बाबा. पुढच्या साली बघू."

त्या वर्षी मांगवाड्यातली आणखी तीन पोरं गेली.

तिसऱ्या चैत्रात खेळाला निघताना सटवा ठकीला म्हणाला, "आज लवकर यायचा न्हाई मी."

"का? शिवलं की पळत यायचं, एवढंच तर काम हाय तुझं."

"शिवनारच न्हाई," तो म्हणाला.

पहिली चढाई त्याचीच होती. त्यानं छातीत वारं भरलं, रेघ ओलांडली आणि चालत चालत कुरुंदीच्या अंगणात मधोमध जाऊन उभा राहिला. हात खाली सोडून. हुतूतू, हुतूतू, हुतूतू.

आधी लोक हसले. मग सूर्य डोक्यावर आला. दम चालूच होता. गडी बाद नाही, परत नाही, म्हणजे निकाल नाही. निकाल नाही म्हणजे पाणी नाही. दोन्ही गावांच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन डोहाच्या काठावर बसल्या होत्या आणि पाणी हाताच्या अंतरावर चमकत होतं. मांगवाड्याला जे रोज दिसायचं, ते दोन गावांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"सटवा, परत ये," पाटील रेघेवरून ओरडले. "घाट देतो, चल."

सटवानं मान हलवली नाही. हे त्यानं दोनदा ऐकलं होतं.

त्याला समोर केरबाचे हात दिसत होते. मोठे, राठ, कोपरापर्यंत माती लागलेले. एक मिठी मारली असती तर सगळं संपलं असतं. कुरुंदी जिंकली असती, पाणी मिळालं असतं. सटवाला तेवढंच हवं होतं, असं म्हणतात. कुणीतरी खरं खेळावं. कुणीतरी धरावं.

कुणी धरलं नाही.

दुसरा दिवस उजाडला तरी दम चालू होता. गुरं हंबरून गप्प झाली. कुरुंदीचे म्हातारे केरबाला म्हणाले, "शिवलास त्याला तर घरात घेनार न्हाई." तिसऱ्या दिवशी दुपारी केरबाची स्वतःची पोरगी भोवळ येऊन काठावर पडली. केरबा उठला. त्यानं म्हाताऱ्यांकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ गेला आणि सटवाला दोन्ही हातांनी कवेत घेतलं.

आणि तो दचकला. अंग लाकडासारखं ताठ होतं आणि भर उन्हात गार पडलं होतं. ओठ मिटलेले होते. सटवा कधीचा मेला होता. कालच की परवा, कोण जाणे. तरी हुतूतू हुतूतू चालूच होतं, त्या गार छातीतून. केरबाची मिठी घट्ट झाली तेव्हाच ते थांबलं, असं म्हणतात.

कुरुंदीची माणसं घागरी घेऊन पाण्याकडं धावली.

"थांबा," केरबा म्हणाला. "मी अजून सोडलेला न्हाई. गडी हातात हाय तवर निकाल न्हाई."

"आरं, मेलाय तो. सोड आता."

"पहिली घागर मांगवाड्याची. ती भरू द्या, मग सोडतो."

कुणी हललं नाही. केरबा मेलेल्या माणसाला छातीशी धरून तसाच उभा राहिला, आणि त्याची पकड सुटत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी ठकी उठली. दोन गावांच्या मधून वाट काढत पाण्यात उतरली. घागर भरली, वर आली आणि सटवाचे फुटलेले ओठ धुतले. दुसरी घागर भरली ती वाड्यातल्या पोरांसाठी. तिला अडवायचं त्राण कुणात उरलं नव्हतं.

घाट नंतर झाला. तोही सुखासुखी नाही. केरबाला जन्मभर वाळीत राहावं लागलं, आणि शेवटी त्याला खांदा दिला तो मांगवाड्यानं.

आता दोन्ही गावांत नळ आहेत. तरी चैत्रात त्या माळावर खेळ होतो आणि पहिली चढाई मांगवाड्याची असते. तो गडी कुणाला शिवत नाही. पलीकडं जाऊन नुसता उभा राहतो आणि दोन्ही गावांतल्या प्रत्येक माणसानं येऊन त्याला धरायचं असतं. त्याचा दम संपला की वाड्यातला दुसरा पुढं होतो. शेवटच्या माणसानं धरेपर्यंत माळावर कुणी पाण्याचा थेंब घेत नाही.

काही जण अजूनही नुसतं बोट टेकवून सटकायला बघतात. म्हणून रेघेवर वाड्यातली एक म्हातारी बसवलेली असते. तिची नजर हातांवरून हलत नाही.

"तू रं, पांढऱ्या टोपीवाल्या," ती म्हणते. "रांगेत मागं जा. परत ये, आणि नीट धर."