निंबोण्याच्या शिवेवरचं टाकं

निंबोण्यात एखाद्या बाईला घरातल्या अडचणीवर सल्ला विचारायचा असेल, तर ती शिवेवरच्या टाक्यावर घागर भरते आणि जिला विचारायचं तिच्या पुढ्यात ती नेऊन ठेवते. सल्ला देणारीनं आधी ती घागर डोक्यावर घ्यायची, विचारणारीच्या उंबऱ्यापर्यंत चढाची वाट चढायची आणि तिथं घागर उतरवल्यावर काय ते बोलायचं. टाकं काळ्या खडकातलं, दोन हात रुंद. वाट अशी की धडधाकट माणसाला मधे दोनदा थांबावं लागतं. म्हणून या गावात सल्ले फार कमी. एरवी दुसऱ्याच्या सुनेबद्दल तासभर बोलतील अशा बायका घागर दिसली की पदर सावरतात आणि म्हणतात, "तुजं तू बघ बाई."

पाहुण्यांना हे दाखवायचं काम श्रीपतीबुवांचं. सत्तरी उलटली तरी ते स्वतः टाक्यापर्यंत येतात, खडकावर टेकतात आणि पाहुणे गप्प झाल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. ते सांगतात ती हकिगत अशी.

फार मागं गावात गिरजा नावाची एक बाई होती. सासू-सासरे वारलेले, घरात ती आणि नवरा सिदू. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. गिरजा स्वभावानं गुणी, पण तिला एक खोड होती. भाजीत मीठ किती घालावं इथपासून ती शेजारी विचारायची. गावालाही ते आवडायचं. विचारणारी मिळाली की सांगणाऱ्यांना काय तोटा? 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' असं तिला सगळे सांगत, आणि ते सांगणारेही जनच होते.

खिंडीपलीकडच्या वाडीत तिची आई भिवाई एकटी राहायची. तिचे डोळे गेलेले. त्या साली लागोपाठ दुसरा दुष्काळ पडला. चैत्रात एक मेंढपाळ निरोप घेऊन आला, म्हाताऱ्या बाईनं सांगितलंय, आड आटला, शेजारपाजार गाव सोडून गेला, मला घेऊन जा.

निरोप ऐकताच सिदू बैल सोडायला उठला. गिरजानं त्याला थांबवलं. तेव्हाची रीत अशी होती, की लेकीला मूल होईपर्यंत आईनं लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. प्यायली तर लेकीची कूस कायमची बंद होते, असं म्हणत. आईला आणायचं तर ती पाणी पिणार. न आणायचं तर ती पाण्यावाचून मरणार. 

"जरा दम धरा," ती नवऱ्याला म्हणाली, "आत्याबाईला इचारून येते."

आत्याबाई म्हणजे पाटलीण. तिनं सांगितलं, आण आईला, पण तुला दिवस जाईपर्यंत थांब. गिरजा घरी आली आणि तिला वाटलं, दिवस कधी जाणार आणि आड कधीचा आटलाय. ती तडक आईकडं निघाली, शिवेवरच्या खडकापर्यंत पोचली. तिथं शेजारची कोंडाबाई भेटली. कोंडाबाई म्हणाली, आणू नकोस, धान्य आणि पाण्याची पखाल पाठवून दे. गिरजा परत फिरली. पखाल भरायला घेतली तर तिसरी म्हणाली, अगं पखालीतलं पाणी तुझ्याच घरचं की. पखाल रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आईला गोठ्यात ठेव, घरात नको. गोठाही घरच. देवळात ठेव. देवळात म्हाताऱ्या माणसाला रात्री कोण बघणार? गुरवाकडं जाऊन तिनं देवीला कौल लावला. कौल उजवा आला. गिरजा हरखून शिवेपर्यंत पळत गेली, आणि वाटेत कुणीतरी म्हणालं, आज अमावास्या, आजचा कौल धरत नाहीत.

असे नऊ दिवस गेले. गिरजाला अन्न गोड लागेना, झोप लागेना. चुलीपाशी बसली की उठायची, उठली की शिवेकडं चालायची, खडकापाशी गेली की मागं वळायची. तिला आईची कणव यायची, आणि त्याच वेळी रिकाम्या पाळण्याची भीती वाटायची, आणि कुणीतरी एकदाचं 'कर' किंवा 'करू नको' म्हणावं यासाठी तिचा जीव तडफडायचा. पण म्हणणारी माणसं पंधरा होती. प्रत्येकाला तिचं भलंच व्हावं असं वाटत होतं, बुवा हे मुद्दाम सांगतात.

नवव्या दिवशी सिदू चिडला. "गिरजे, आई तुजी हाय. गाडी जुपू का न्हाई, तेवडं सांग."

"उद्या सांगते," ती म्हणाली. "आज कुंभारणीला इचारायचं ऱ्हायलंय."

दहाव्या दिवशी दुपारी गावच्या बायका लांबच्या झऱ्यावरून भरल्या घागरी घेऊन परतत होत्या. गिरजा त्यांत होती. शिवेवरच्या खडकाला टेकून एक म्हातारी बसलेली दिसली. हातात काठी, पाय रक्ताळलेले, ओठ फुटलेले. आंधळी बाई खिंडीतून चाचपडत दोन दिवस चालत आली होती, असं सांगतात. एवढ्या बायकांत तिनं लेकीचं पाऊल ओळखलं.

"गिरजे," ती म्हणाली, "बाय, घोटभर पानी दे."

गिरजानं घागर उतरवली. तांब्या भरला. तांब्या आईच्या तोंडाशी नेला, आणि तिथं तिचा हात थांबला. तिनं मान वळवली.

"आत्याबाई," तिनं विचारलं, "पाजू का?"

पाटलीण म्हणाली, पाज, ही शीव आहे, घर नव्हे. कोंडाबाई म्हणाली, शीव असली तरी घागर घरची. तिसरी म्हणाली, मग माझ्या घागरीतलं दे. चौथी म्हणाली, घागर कुणाचीही असो, हात लेकीचा नको. यावर बायकांचं बरंच बोलणं झालं. शेवटी सगळ्यांना पटेल असं ठरलं, कोंडाबाईच्या घागरीतलं पाणी कोंडाबाईनं आपल्या हातानं पाजावं. कोंडाबाई लगबगीनं पुढं आली. तिनं म्हातारीची हनुवटी धरली, पाणी ओतलं, आणि ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं.

भिवाई गेली होती. गिरजाच्या हातातला तांब्या अजून भरलेलाच होता.

बायका रडायला लागल्या. गिरजा रडली नाही. ती उठली, आपली घागर उचलली आणि आईच्या पायाशी खडकावर उपडी केली. ते पाणी वाहून गेलं नाही, म्हणे. खडकानं ते आत घेतलं, आणि थोड्या वेळानं त्याच जागी खडक चिरून पाणी वर आलं. दुष्काळात, चैत्रात, कोरड्या खडकातून. तेच हे टाकं. बायका मागं सरल्या. गिरजानं त्या पाण्यानं आईचं तोंड धुतलं. या वेळी तिनं कुणाकडं पाहिलं नाही.

पुढं आठ-पंधरा दिवसांनी कोंडाबाई तिला समजवायला आली. दुखवटा कसा पाळावा, नवऱ्याशी कसं वागावं, सांगू लागली. गिरजानं तिला टाक्यावर नेलं, भरली घागर तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "आदी ही माज्या उंबऱ्यापातूर ने. माजं वजन डोईवर घे. मग सांग काय सांगायचं ते." कोंडाबाईनं घागर नेली, हा तिचा मोठेपणा. उंबऱ्यावर घागर उतरवली तेव्हा तिला धाप लागली होती. ती तिथंच खाली बसली आणि एवढंच म्हणाली, "चुकलं गं माजं." तेव्हापासून ही चाल पडली.

इथं पाहुण्यांतलं कुणीतरी हटकून विचारतं, मग गिरजाला पुढं मूल झालं का?

 बुवांना या प्रश्नाचा राग येतो आणि ते तो लपवत नाहीत. "त्यापायीच म्हातारी गेली," ते म्हणतात आणि काठी टेकत उठतात.

आजही निंबोण्यात कुणा सुनेची आई पहिल्यांदा यायची असली, की सून तिला घ्यायला शिवेपर्यंत येते. एसटीतून उतरलेली आई अजून पिशवी सावरत असते. लेक टाक्यात तांब्या बुडवते आणि आपल्या हातानं आईला पाणी पाजते. नमस्कार, खुशाली, प्रवास कसा झाला, सगळं त्यानंतर. लेकीला मूल आहे की नाही, हे तिथं कुणी विचारत नाही.